जुन्या रोल्स रॉइसच्या पाट्यांचे काम : शिरोलीतील एका कार्यशाळेचा अनुभव

आमच्याकडे 1930 सालची रोल्स रॉइस 20/25 आहे. तिच्या पुढच्या पाट्यांचे, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे, काम मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील, एरवी ट्रकचे पाटे बनवणाऱ्या एका लहान कार्यशाळेत करून घेतले. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना उपयोगी पडावा म्हणून तो अनुभव लिहीत आहे.

पन्नासच्या वेगात उंचवटा आला की गाडीचे नाक वर जाई, ते खाली येते न येते तोच मागची बाजू उसळे, आणि मागे बसलेल्या माझ्या आईला दोन्ही हातांनी आसन धरून ठेवावे लागे. पुढची बाजू बसली आहे म्हणून आधीच्या एका गॅरेजने दोन्हीकडे एकेक जादा पाटा चढवला होता. त्याने गाडी उंच झाली, पण त्रास वाढला.

येथील मिस्त्रींनी काहीही सोडवण्यापूर्वी पुढच्या बाजूवर 200 किलो वाळूची पोती ठेवली आणि चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, किती दबते ते मोजले. ती जेमतेम 12 मिलिमीटर दबली. मग पाट्यांवरची चामड्याची आवरणे उघडली, तेव्हा आतले ग्रीस वाळून खपलीसारखे निघाले आणि पाट्यांच्या टोकांशी गंजाने खाचा पडलेल्या दिसल्या. पाटे एकमेकांवरून सरकेनासे झाले की लहान धक्क्याला सगळी जुडी एकाच जाड पट्टीसारखी ताठ राहते.

या गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांत सुमारे सव्वातीन मीटर अंतर आहे, म्हणजे पन्नासच्या वेगात तोच उंचवटा मागच्या चाकांना पाव सेकंद उशिरा लागतो. पुढची बाजू मागच्यापेक्षा मऊ असेल, तर मागची बाजू हा उशीर चटकन भरून काढते व गाडी सपाट राहते. पुढची ताठ असेल, तर गाडी झुलत राहते. रोल्स रॉइसमधून 1930 मध्ये कॅडिलॅक या अमेरिकन मोटार कंपनीकडे गेलेले अभियंते मॉरिस ऑली यांनी 1932 मध्ये, वजने पुढेमागे हलवता येतील अशा मोठ्या गाडीवर हेच पडताळून पाहिले. परंतु अखंड अ‍ॅक्सलच्या, म्हणजे दोन्ही पुढची चाके एकाच आडव्या दांड्याला जोडलेल्या, गाडीत पुढचे पाटे फार मऊ केले की चाके थरथरू लागतात. म्हणूनच कॅडिलॅकने 1934 मध्ये पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र केली आणि रोल्स रॉइसची फँटम थ्री 1936 मध्ये त्याच वाटेने आली.

हे वाचलेले असल्यामुळे, जादा पाट्याबरोबर मूळचाही एक पाटा काढावा, असा आग्रह मी धरला. मिस्त्रींनी स्पष्ट नकार दिला. ब्रेक लावल्यावर अ‍ॅक्सल पाट्यांना पीळ देतो, तो पीळ सोसण्याइतका जोर पाट्यांत हवाच, हे त्यांनी हाताने जुडी वळवून दाखवले. त्यांचेच बरोबर होते. जादा पाटे काढून त्यांनी मूळ पाट्यांना पुन्हा बाक दिला, पोलाद कणखर व्हावे म्हणून पाणी दिले, टोके घासली, ग्रीस भरले आणि आवरणे शिवली. आता तेवढ्याच पोत्यांखाली चेसिस 18 मिलिमीटर दबते. गाडी आजच्या गाड्यांसारखी तरंगत नाही, पण आई कोल्हापूर ते सातारा हात मांडीवर ठेवून आली.

दहा दिवसांच्या कामाला सव्वीस दिवस लागले आणि मधल्या काळात फोन आपणच करावा लागतो. तेलावर चालणारे जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर येथे उघडत नाहीत. ते आधी दुसरीकडून दुरुस्त करून आणावेत, नाहीतर पाट्यांचा फरक पुरता कळणार नाही.