महापालिकेच्या उद्यानातील ओपन जिम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या वस्तीतील महापालिकेच्या उद्यानात व्यायामाची दहा साधने बसवलेली आहेत. रंगीत लोखंडी नळ्यांची ही साधने आता बहुतेक शहरांतील उद्यानांमध्ये दिसतात आणि लोक त्यांना सरसकट ‘ओपन जिम’ म्हणतात. गेल्या नोव्हेंबरपासून यंदाच्या जूनअखेरपर्यंत, आठवड्यातील चार सकाळी, मी ती वापरली. माझे वय ६२ आहे, उजव्या गुडघ्याची झीज सुरू झालेली आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि फिरायला जाण्यापलीकडे दुसरा कोणताही व्यायाम मी त्यापूर्वी नियमाने केलेला नव्हता. याच परिस्थितीत असलेल्या आणि उद्यानात रोज या साधनांजवळून नुसत्याच चालत जाणाऱ्या वाचकांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात झाली ती जिना उतरताना कठडा धरावा लागू लागला म्हणून. फिजिओथेरपिस्टकडे गेले तेव्हा त्यांनी मला साध्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसवले, हात छातीवर दुमडायला सांगितले आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभी राहून पुन्हा बसता येते ते मोजले. माझ्या नऊ खेपा झाल्या. ६० ते ६४ वयाच्या स्त्रीला या चाचणीत १२ पेक्षा कमी आणि पुरुषाला १४ पेक्षा कमी जमले, तर पायांची ताकद सरासरीहून कमी समजतात. रोज पाऊण तास चालत असूनही असे कसे, हा माझा पहिला प्रश्न होता. चालण्याने हृदय आणि फुप्फुसे तयार राहतात, पण स्नायूंची ताकद टिकवायची तर त्यांना नेहमीपेक्षा जड काम द्यावे लागते, हे त्यांनी मला समजावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबर स्नायू बळकट करणारा व्यायाम किमान दोन दिवस सांगितलेला आहे आणि पासष्टीपुढच्या माणसांसाठी तोल सुधारणारा व्यायाम तीन दिवस. आपल्याकडे पहिला भाग बऱ्याच जणांना ठाऊक असतो, दुसरा फार थोड्यांना. म्हणूनच या साधनांकडे मी ‘यातून ताकद वाढते का?’ एवढा एकच प्रश्न घेऊन गेले.

त्याचे उत्तर साधनागणिक वेगळे आहे, आणि ते का वेगळे आहे हे कळले तर उद्यानातील अर्धा तास सत्कारणी लागतो. बंदिस्त व्यायामशाळेत वजनाच्या चकत्या बदलून भार वाढवता येतो. येथे चकत्या नाहीत. बसून ढकलायच्या किंवा ओढायच्या साधनांमध्ये तरफेच्या साहाय्याने आपण स्वतःच्याच शरीराचा काही हिस्सा उचलत असतो. त्यामुळे भार आपल्या वजनाच्या प्रमाणात आपोआप ठरतो, नवख्या माणसाला तो झेपतो आणि अंगावर काही पडण्याची भीती राहत नाही. मात्र दीड-दोन महिन्यांनी स्नायू सरावतात आणि भार तेवढाच राहतो. तिथून पुढची वाढ कशी मिळवायची हे कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते.

लेग प्रेस हे माझ्या मते सर्वांत मोलाचे साधन आहे. आसनावर बसून समोरच्या पट्टीवर पाय टेकवायचे आणि ढकलायचे, की आसन मागे सरकत वर जाते. मांडीच्या पुढच्या स्नायूला यातून खरे काम मिळते, आणि गुडघ्याला आधार देणारा मुख्य स्नायू तोच आहे. पहिल्या महिन्यात १२ खेपांचे दोन फेरे मला पुरेसे झाले. त्यानंतर फिजिओथेरपिस्टने सुचवल्याप्रमाणे मी ढकलताना दोन अंकांपर्यंत आणि परत येताना चार अंकांपर्यंत मोजू लागले. परतीचा प्रवास हळू केल्याने तोच भार कितीतरी जड वाटतो. फेब्रुवारीपासून दोन्ही पायांनी ढकलून एकाच पायावर परत यायचे, असा बदल केला. गुडघे पूर्ण ताठ करून झटक्याने अडकवू नयेत आणि ते आत वळू न देता पावलांच्या रेषेत ठेवावेत, एवढी काळजी घेतली तर झिजलेल्या गुडघ्यालाही हे साधन सोसते, असा माझा अनुभव आहे. वजन कमी असलेल्या माणसाला येथे भारही कमी मिळतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

छातीसाठी ढकलायचे आणि पाठीसाठी वरून खाली ओढायचे अशी दोन आसने एकाच खांबाला पाठीला पाठ लावून बसवलेली आहेत. ओढायचे साधन चांगले आहे. दिवसभर पुढे वाकून काम करणाऱ्यांच्या पाठीला त्याची विशेष गरज असते. ढकलायच्या साधनाच्या मुठी मात्र माझ्यासारख्या पाच फूट उंचीच्या बाईच्या खांद्यापेक्षा वर येतात आणि आसन खाली-वर करता येत नाही, त्यामुळे दहा खेपांनंतर खांद्याच्या पुढच्या बाजूला ओढ बसते. मी ते साधन सोडून दिले आणि त्याऐवजी उद्यानातील सिमेंटच्या बाकाच्या पाठीवर हात टेकवून तिरके जोर काढू लागले. पहिल्या दिवशी पाच जमले. पाठीवर पंधरा होऊ लागल्यावर बाकाच्या बैठकीवर, म्हणजे आणखी खाली, हात टेकवले. हात जितके खाली तितका भार जास्त, म्हणजे चकती बदलण्याचे काम येथे बाकच करतो. आपल्या तालमींतील जोर-बैठकांना साधन लागत नसे, पण भार वाढवण्याची युक्ती त्यांत होतीच. सपाट जोर साधले की सपाट्यांकडे, म्हणजे जोर आणि बैठक जोडून करायच्या प्रकाराकडे, जायचे आणि बैठकांचा आकडा चढवत न्यायचा, हे जुन्या पैलवानांना सांगावे लागत नव्हते.

सर्वांत जास्त गर्दी असते ती दोन साधनांवर: एअर वॉकर आणि ट्विस्टर. एअर वॉकरवर दोन्ही पाय पट्ट्यांवर ठेवून ते पुढे-मागे झुलवायचे असतात. पाऊल जमिनीवर आदळत नसल्याने सांध्यांना धक्का बसत नाही आणि खुब्याचा सांधा मोकळा होतो. पण पाय लंबकासारखे झुलतात, त्यांना ढकलायला ताकद जवळजवळ लागत नाही. वीस मिनिटे झुलून चालण्याचा व्यायाम झाला असे समजणाऱ्या मैत्रिणींना मी एक साधी कसोटी सांगते. मध्यम श्रमाच्या व्यायामात बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. एअर वॉकरवर आमच्याकडे भजने म्हटली जातात. पाच मिनिटे अंग सैल करायला ते उत्तम आहे, तेवढ्यासाठीच वापरावे. त्याच्या झुलत्या पट्ट्यांसमोरून लहान मुले धावतात, ही खरी धोक्याची गोष्ट आहे. पायउतार होण्यापूर्वी साधन पूर्ण थांबवावे आणि शेजारी मूल दिसले तर लगेच थांबावे.

ट्विस्टरबद्दल मला अधिक स्पष्ट लिहिले पाहिजे. गोल तबकडीवर उभे राहून कंबर डावी-उजवीकडे फिरवली की पोट कमी होते, या समजुतीने लोक शंभर-शंभर फेरे मारतात. शरीराच्या एखाद्या भागाची हालचाल केल्याने त्याच भागावरची चरबी उतरत नाही, चरबी खर्च होते ती सर्व शरीरातून. शिवाय कंबरेच्या मणक्यांची रचना वाकण्यासाठी आहे, पिळण्यासाठी फारशी नाही. त्यांचे एकूण वळणे दहा-पंधरा अंशांच्या आसपास असते. वेगाने फिरणारी तबकडी गतीच्या जोरावर त्यापलीकडे ओढते. ज्यांना कंबरदुखी, सायटिका किंवा हाडांची ठिसूळता आहे त्यांनी या साधनावर अजिबात चढू नये, असे माझे ठाम मत आहे. इतरांनी हळू, खांदे समोर ठेवून दहा-बारा फेरे केले तर हरकत नाही, पण त्यातून फार काही मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

खांद्याचे मोठे चाक आखडलेल्या खांद्याला मोकळे करायला उपयोगी आहे. रोइंगचे साधन पाठीसाठी ठीक आहे. सायकलच्या पायडलवर कोणताही भार नाही, ते नुसतेच फिरते.

लटकायच्या दांडीकडे मात्र स्त्रिया आणि ज्येष्ठ फिरकतही नाहीत, याचे मला वाईट वाटते. आमच्याकडे दोन उंचींच्या दांड्या आहेत. खालची दांडी पकडून, पाय जमिनीवर ठेवूनच, हळूहळू वजन हातांवर घेतले तरी पकड सुधारते. मी पाच सेकंदांपासून सुरुवात केली आणि आता पाय टेकवून अर्धा मिनिट थांबते. पाण्याची कळशी उचलताना हा फरक मला सर्वांत आधी जाणवला. खांद्याची दुखापत असेल तर मात्र आधी विचारून घ्यावे.

देखभालीबाबत समाधान नाही. जानेवारीत लेग प्रेसचे बेअरिंग कुरकुरू लागले आणि आसन एका बाजूला कलले. उद्यानाच्या कार्यालयात लेखी तक्रार दिल्यानंतर दुरुस्तीला सात आठवडे लागले, आणि त्या काळात ‘वापरू नये’ अशी साधी चिठ्ठीही साधनावर लावलेली नव्हती. दोन साधनांच्या बोल्टांवरची प्लास्टिकची टोपणे गेली आहेत, तिथे ओढणी किंवा साडीचा पदर अडकू शकतो. वापरण्यापूर्वी प्रत्येक साधन हाताने एकदा हलवून पाहावे आणि पदर खोचून, ओढणी बांधून मगच बसावे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर लोखंड हात लावू देत नाही. साधनांखाली रबरी चटई नाही, साधी फरशी आहे, ती पहिल्या पावसात निसरडी झाली. चपला घालून येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, त्यांना माझी विनंती आहे की पाठीमागून बंद, तळ घट्ट असलेले बूट घालावेत. मधुमेह असलेल्यांच्या पायांना तर ते फारच आवश्यक आहेत.

उद्यान सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेचार ते साडेआठ उघडे असते. साडेसहा ते साडेसात या वेळेत लेग प्रेससाठी रांग लागते, पावणेआठनंतर ती ओसरते. शिकवणारे कोणी नाही, ही मोठी उणीव आहे. साधनांवरची चित्रे उन्हाने पुसट झालेली आहेत. महिन्यातून एखाद्या रविवारी जाणकार प्रशिक्षक तासभर उभा राहिला, तरी चुकीच्या सवयी पुष्कळ कमी होतील.

माझा क्रम असा आहे: दहा मिनिटे भरभर चालणे, मग लेग प्रेस, पाठीसाठी ओढणे, बाकावरचे जोर, बाकावरून हात न टेकवता उठ-बस, आणि शेवटी दांडीजवळ उभे राहून, गरज पडल्यास पकडता येईल अशा बेताने, एका पायावर तोल. प्रत्येकाचे दोन फेरे, मध्ये एक मिनिट विश्रांती, एकूण ३५ मिनिटे. ताकदीचा हा भाग मी आठवड्यातून दोनदाच करते आणि मध्ये किमान एक दिवस सोडते. उरलेल्या दोन सकाळी चालणे आणि तोल एवढेच. जोर लावताना श्वास सोडावा, रोखून धरू नये, कारण श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. शेवटच्या दोन-तीन खेपा जड गेल्या पाहिजेत, पण सांध्यात टोचल्यासारखे दुखले तर थांबावे. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर त्या दिवसाचा व्यायाम तिथेच सोडून डॉक्टरांना गाठावे.

जूनअखेरीस त्याच खुर्चीवर, त्याच पद्धतीने माझ्या ३० सेकंदांत १४ खेपा झाल्या. फुकट मिळणाऱ्या आणि घरापासून सात मिनिटांवर असलेल्या सोयीकडून मला याहून अधिक अपेक्षा नव्हती. पहिल्यांदाच व्यायाम सुरू करणाऱ्यांना, गुडघेदुखीने घरी बसलेल्यांना आणि व्यायामशाळेचे शुल्क न परवडणाऱ्यांना मी या जागेची निःसंकोच शिफारस करते. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा वारंवार तोल जाणाऱ्यांनी मात्र एकट्याने येथे सुरुवात करू नये. सध्या पावसामुळे फरशी वाळत नाही, म्हणून मी घरीच खुर्चीवरून उठ-बस आणि ओट्याच्या कडेवर हात टेकवून जोर काढते. नवरात्राच्या सुमारास फरशी कोरडी झाली की पुन्हा लेग प्रेसपासून सुरुवात करीन, आणि त्याआधी त्याचे बेअरिंग तपासून घ्यावे असा अर्ज कार्यालयात देऊन ठेवला आहे.