लसणाचं बियाणं पाकिटात मिळत नाही

पाकिटावर ‘लसूण बियाणे’ छापलंय आणि आत काळे, बारीक दाणे आहेत, तर ते घेऊ नका. आपल्याकडे लसूण पाकळी टोचूनच लावतात. लागवडीतल्या जातींना फुलोरा क्वचित येतो आणि आला तरी त्यात बी धरत नाही. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. गच्चीवर, बाल्कनीत पहिल्यांदा भाजी लावणाऱ्यांना मात्र ते माहीत नसतं आणि अशी पाकिटं विकणाऱ्यांचं गिऱ्हाईक नेमकं तेच.

दिवाळीच्या सुमारास मोबाइलवर जाहिरात सारखी समोर येत होती. तळहातावर मावणार नाही एवढा जांभळा गड्डा, ‘कुंडीत 60 दिवसांत लसूण’, सोबत इतर भाज्यांची पाकिटं, पैसे पार्सल आल्यावर. मी मागवलं. पैसे हातात पडल्याशिवाय कुरिअरवाला पार्सल उघडू देत नाही, त्यामुळे आत काय आहे ते नंतरच कळतं. मुळात लसूण काढणीला यायला चार ते साडेचार महिने लागतात, साठ दिवसांत काही होत नाही. त्याच पार्सलमध्ये निळ्या स्ट्रॉबेरीचंही पाकीट होतं. निळी स्ट्रॉबेरी जगात कुठेच पिकत नाही, तो फोटोच रंगवलेला असतो.

क्रेटमध्ये पेरल्यावर दोऱ्यासारखी, वाकलेली रोपं उगवली. सासरे जुन्नरकडचे, सगळं आयुष्य कांद्यात गेलेलं. ते गच्चीवर आले, एक पात चिमटीत दाबली आणि म्हणाले, “पोरी, हे कांद्याचं उळं आहे. पात पोकळ लागतीये बघ. लसणाची पात चपटी असते.” काही विक्रेते चायनीज चाइव्ह्ज या पातीच्या भाजीचं बी देतात. त्याची पात चपटी असते, वासही लसणाचा येतो, म्हणून फसवणूक आणखी उशिरा लक्षात येते. त्याला गड्डा कधीच धरत नाही.

मी पाकिटावरच्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलला. “ताई, हायब्रीड आहे, पहिल्या वर्षी असंच दिसतं. गड्डा भरायला आमचं टॉनिक टाका, आजच पाठवतो.” मी नकार देऊन पैसे परत मागितले, तेव्हा त्याने क्यूआर कोड पाठवला. “स्कॅन करून पिन टाका, रक्कम लगेच जमा होईल.” इथे मी थांबले. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. लसणात फसलेल्या माणसाचं खातंही रिकामं करायची ही तयारी होती.

पार्सलच्या पैशांपेक्षा हंगाम गेला याचा राग जास्त आहे. आपल्याकडे लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतात. सुरुवातीची थंडी त्याला वाढीसाठी हवी असते आणि नंतर दिवस मोठे होऊ लागले की गड्डा भरतो. ही चूक जानेवारीत कळली तर सुधारता येत नाही, पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते.

बियाणं विकायला 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार परवाना लागतो आणि पाकिटावर जात, लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणीची तारीख, विक्रेत्याचा पत्ता असावा लागतो. माझ्या पाकिटावर फक्त फोटो आणि मोबाइल नंबर होता. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. कोणी पिन टाकून पैसे गमावले असतील त्यांनी ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, जितका उशीर तितकी रक्कम मिळायची आशा कमी.

लावायचाच असेल तर राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या भीमा ओंकार, भीमा पर्पल या जाती आहेत, राहुरी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता आहेत. गड्डा बघून घ्या, बाहेरच्या टपोऱ्या पाकळ्या निवडा, टोक वर करून लावा. ती जाहिरात आता दुसऱ्या नावाने फिरतेय. फोटो तोच, तळहातावरचा जांभळा गड्डा.