एकट्यानं लेह: मनालीकडून की श्रीनगरकडून?

नागपूरहून बुलेटवर एकट्यानं लेहला निघालात, तर अंबाल्यापर्यंत डोकं लावायचं काम नाही. 44 नंबरचा हायवे सिवनी, सागर, झाशी, आग्रा करत तिथवर नेऊन सोडतो. पेच त्यापुढे. 44 धरूनच राहिलात तर श्रीनगर, सोडलात तर मनाली. मी 2022 च्या जूनमध्ये मनालीकडून गेलो, पुढच्या वर्षी श्रीनगरकडून.

देखाव्याचं विचाराल तर मनालीचा रस्ता उजवा. बारालाचाची खिंड, गाटा लूप्सची 21 वळणं, मग मोरेचं पठार: 4,700 मीटरच्या आसपास चाळीसेक किलोमीटर सपाट. मी तिथे गाडी बंद करून नुसताच उभा होतो, बराच वेळ. श्रीनगरच्या बाजूला असं एकटेपण वाट्याला येत नाही. झोजिलाच्या खिंडीत ट्रकांमागे ताटकळायचं, चिखलात पाय टेकत चढायचं. त्यात लखनपूरला जम्मू-काश्मीरची हद्द ओलांडली की आपलं प्रीपेड सिम मुकं. पोस्टपेड घेऊनच निघा.

तरी मनालीवरून माझं मन उठलं, ते एका कॅनमुळे. मनालीपुढे तांडीच्या पंपावर पाटी होती: पुढचा पंप 365 किलोमीटर. माझी जुनी बुलेट डोंगरात लिटरला 25 देते, टाकी 13 लिटरची. म्हणजे 5 लिटरचा कॅन आलाच. चार जण असले की ओझं वाटून घेता येतं. एकट्याला सगळं आपल्याच सॅडलबॅगेत कोंबावं लागतं. वर हवेचा दाब घटतो. चिप्सचं पाकीट फुगतं तसा कॅनही फुगला आणि झाकणातून पाझरायला लागला. स्लीपिंग बॅगला वास, कपड्यांना वास, घरून नेलेल्या संत्रा बर्फीलासुद्धा! रात्री सरचूला, 4,300 मीटरवर, डोकं ठणकत होतं. विरळ हवेनं की पेट्रोलनं, ते पहाटेपर्यंत उमगलं नाही. विचारायला सोबत कोणी नाही, फोनला रेंज नाही.

श्रीनगरकडून कॅन लागलाच नाही, कारगिलला टाकी भरली की झालं. उंचीही बेताबेतानं वाढते. कारगिलचा मुक्काम 2,700 मीटरच्या आत, दुसऱ्या दिवशी फोतुलाची खिंड 4,108, पण झोपायला लेहच्या 3,500 वर. डोकं दुखलं नाही. अर्थात, तो माझा नशिबाचा भागही असेल.

तुमची गाडी लिटरला 35 देत असेल आणि उंची तुम्हाला सोसत असेल, तर माझं ऐकू नका. मनाली धरा, फक्त उंचीची सवय व्हायला वाटेत जिस्पाला दोन रात्री काढा. पण पहिलीच खेप असेल आणि गाडी माझ्यासारखी पिणारी, तर मी म्हणेन, अंबाल्याला 44 सोडू नका.

श्रीनगरला जाताना मी नवी स्लीपिंग बॅग घेतली. जुनी दोन उन्हाळे गच्चीवर टाकून पाहिली, नागपूरचं 45 चं ऊन खाऊनही तशीच. आई अजून म्हणते, "काऊन रे, वास येऊनच राहिला न इचा!"