निकॉन झेड५० टू घेतला, ज्या कारणासाठी घेतला ते सोडून बाकी सगळं बरोबर निघालं

माझा जुना निकॉन डी३१०० कॅमेरा भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर बोटीतच गेला. पाण्यात नाही पडला, आतला आरसा वर जाऊन अडकला तो खाली आलाच नाही, समोर शे-दोनशे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि माझ्या हातात नुसता ठोकळा. नाववाले दादा म्हणाले ताई मोबाईलवर काढा आता, काढले, आणि घरी येऊन बघितलं तर गुलाबी ठिपके. रिपेअरवाल्या काकांनी उघडून बघितला, परत बंद केला आणि म्हणाले याच्यावर खर्च करू नका. २०१० सालचं मॉडेल ते, १४.२ मेगापिक्सेल, तक्रार करण्यात अर्थ नव्हता.

मग पंधरा दिवस तुलनेचे व्हिडिओ. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीये, रात्री एक वाजेपर्यंत बघायचं आणि सकाळी मत बदलायचं. बजेट लाखाच्या आसपास, मिररलेसच (आत आरसा नसलेला) घ्यायचा हे ठरलेलं कारण नवीन डीएसएलआर, म्हणजे आरसावाले, आता कोण काढतंय. शेवटी तीन उरले, सोनी झेडव्ही-ई१०, कॅनन आर५० आणि निकॉन झेड५० टू, जो तेव्हा नुकताच म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये आला होता.

सोनी पहिल्याच दिवशी बाद. दुकानातला मुलगा मात्र तोच गळ्यात मारत होता, मॅडम तुमच्यासाठी हा बेस्ट, हलका आहे, व्लॉगिंग पण होईल. अरे बाबा मला व्लॉगिंग करायचंच नाहीये, मला पाण्यावरची नदीसुरय टिपायचीये. त्या कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडरच नाही, डोळा लावायला काही नाही, सगळं मागच्या स्क्रीनवर. सकाळी दहानंतर उजनीच्या पाण्यावर जे ऊन चमकतं त्यात स्क्रीनवर स्वतःचं तोंड दिसतं फक्त, पक्षी नाही. घरात, स्टुडिओत व्हिडिओ करणाऱ्यांसाठी चांगला असेल, आहेच, पण माझ्या कामाचा नाही.

कॅनन आर५० वर मात्र जीव अडकला होता, खरं सांगते. बॅटरी आणि कार्ड धरून ३७५ ग्रॅम! निकॉन ५५० च्या घरात. २४.२ मेगापिक्सेल, पक्ष्याचा डोळा पकडतो, मेन्यू इतका सोपा की माझी मुलगी दुकानात उभ्या उभ्या सगळं शिकली. पण हातात धरल्यावर करंगळी खाली लोंबकळत राहते, मोठी लेन्स लावली की पुढे झुकतो. चाक एकच, म्हणजे शटर स्पीड आणि अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं ते) दोन्ही मॅन्युअली फिरवायचं तर मध्ये एक बटण दाबा. त्याची लांबची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी) ५५-२१० एमएमची आहे, पूर्ण झूम केल्यावर एफ/७.१, हा आकडा मोठा तेवढा प्रकाश कमी. निकॉनची ५०-२५० पूर्ण झूमला एफ/६.३. कागदावर फरक बारीक वाटतो, पण सकाळी साडेसहाला धुक्यात आयएसओ (कमी प्रकाशात वाढवावा लागतो, मग फोटो खरखरीत होतो) किती चढतो ते बघा मग कळेल. आणि आर५० चा वरचा फ्लॅशचा शू नवीन पद्धतीचा आहे, त्याला नेहमीच्या पिनाच नाहीत, जुना फ्लॅश असेल तर अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. हे कुठल्याच व्हिडिओत ठळक सांगत नाहीत.

मेगापिक्सेलचं एवढं मनावर घेऊ नका. झेड५० टू चे २०.९ म्हणजे फोटोची रुंदी ५५६८ पिक्सेल, कॅननची ६०००. आठ टक्के सुद्धा फरक नाही. आमचे बाबा अजून प्रत्येक कॅमेऱ्याला पहिला प्रश्न किती मेगापिक्सेल हाच विचारतात, त्यांना मी चोवीस सांगून टाकलंय.

तर निकॉन का घेतला. मी सगळ्यांना अभिमानाने कारण सांगितलं, माझ्याकडे जुन्या निकॉन लेन्स आहेत त्या वाया जाणार नाहीत. एफटीझेड टू नावाचा अडॅप्टर मिळतो, तो लावला की निकॉनच्या जुन्या डीएसएलआरच्या, म्हणजे एफ माउंटच्या, लेन्स झेड बॉडीवर बसतात. म्हणून मी बॉडी, छोटी १६-५० लेन्स आणि हा अडॅप्टर असं घेतलं, लांबच्यासाठी माझी जुनी ५५-३०० लेन्स आहेच की.

इथेच माती खाल्ली. ५५-३०० बसते, ऑटोफोकस पण होतो, कंपनी खोटं बोलत नाही. पण ती लेन्स मुळातच संथ, डी३१०० वर संथ होती आणि नवीन बॉडीवर पण घर्रर्र करत आरामात जाते, कॅमेरा बिचारा पक्ष्याच्या डोळ्यावर चौकोन धरून बसलेला आणि लेन्स अजून वाटेत. वर अडॅप्टरची लांबी आणि वजन. माझ्याकडची ५० एमएम एफ/१.८ डी तर अडॅप्टरवर ऑटोफोकस करतच नाही कारण त्या लेन्समध्ये मोटर नाही, हाताने फिरवा. (डी३१०० वर पण करत नव्हती, तरी मला आशा होती, का ते विचारू नका.) एकटी ३५ एमएम एफ/१.८ जी मस्त चालते. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला हॉलमध्ये पिवळट ट्यूबलाइटखाली आयएसओ ३२०० ला काढलेले फोटो सगळे त्याच लेन्सवरचे, आजीच्या नथीतला मोती न् मोती दिसतोय.

दोन महिन्यांनी गुपचूप ५०-२५० घेतली. ती ४०५ ग्रॅमची आहे, फोकस चटकन आणि आवाज नाही. म्हणजे जुन्या लेन्स वापरायच्या म्हणून निकॉन घेतला आणि आता जुन्या लेन्स कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. नवऱ्याने हिशोब करून दाखवला, सुरुवातीलाच दोन लेन्सवालं किट घेतलं असतं तर अडॅप्टरचे पैसे वाचले असते. बरोबर आहे त्याचं, तुमच्याकडे एखाद-दुसरीच जुनी लेन्स असेल तर अडॅप्टरच्या नादी लागू नका.

पण कॅमेरा? कॅमेरा भारी आहे. ग्रिप खोल आहे, चारही बोटं बसतात, पुढे एक मागे एक अशी दोन चाकं, डोळा न काढता सगळं बदलता येतं. व्ह्यूफाइंडर इलेक्ट्रॉनिक पण आधीच्या झेड५० पेक्षा बराच उजळ, भर उन्हात टोपी न घेता वापरला. पक्ष्यांसाठी ओळखायचा वेगळा मोड आहे, तो लावून ठेवला की एकट्या पक्ष्यावर गोचिडासारखा चिकटतो. थव्यात मात्र गोंधळतो, रोहितांच्या घोळक्यात चौकोन या मानेवरून त्या मानेवर उड्या मारत बसतो, तिथे मी सरळ छोट्या एका पॉइंटवर जाते.

आणि एक फीचर आहे ज्याच्यासाठी मी याला सगळं माफ केलं. बटण पूर्ण दाबायच्या आधीचा एक सेकंद कॅमेरा साठवून ठेवतो. कुंभारगावच्या काठाला बाभळीच्या फांदीवर खंड्या बसला होता, आमची बोट दहा-बारा फुटांवर, मी बटण अर्धं दाबून वाट बघतेय बघतेय, हात भरून आला, आणि तो सुटला. माझं बोट नेहमीप्रमाणे उशिरा. पूर्वी अशा वेळी रिकामी फांदी मिळायची, तिचा माझ्याकडे मोठा संग्रह आहे. यावेळी फांदीवरून पाय सुटतानाची फ्रेम मिळाली, चोच खाली, पंख अर्धवट उघडलेले. बोटीत ओरडले मी, दादा दचकले. यातली मेख अशी की हे फक्त जेपेगमध्ये होतं, रॉ (नंतर हवी तशी सुधारता येणारी कच्ची फाइल) मिळत नाही, आणि शटर इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे जोरात हलणारा पंख कधीकधी रबराचा असल्यासारखा वाकडा येतो. दहातल्या तीन-चार फ्रेम त्यात जातात.

आता रडगाणं. बॅटरी. कंपनीच्या मोजमापाने एका चार्जमध्ये साधारण अडीचशे फोटो, डी३१०० चे साडेपाचशे होते. सहाला बोटीत बसले की नवाला लाल खूण. पॉवरबँकवर यूएसबी-सी ने चार्ज होतो पण बोटीत वायर लोंबत कोण बसणार, दुसरी बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या. बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय, नाही (आर५० ला पण नाही, या किमतीत रडू नये), लेन्समध्ये असेल तेवढंच. कार्ड खाली बॅटरीच्याच झाकणात, ट्रायपॉडची प्लेट लावली असेल तर कार्ड काढायला आधी प्लेट सोडवा. सेन्सर (चित्र टिपणारा आतला भाग) आपोआप झटकून साफ करायची सोय नाही, मी बोटीत लेन्स बदलली आणि पुढचा महिनाभर प्रत्येक आकाशात उजव्या कोपऱ्यात तोच काळा ठिपका. आता ब्लोअर बॅगेत असतो आणि लेन्स गाडीत बसूनच बदलते. व्हिडिओत फोर-के सेकंदाला साठ फ्रेमला चित्र कडेने कापून घेतो, मला फरक पडत नाही. रंग बदलायचं एक खास बटण वर दिलंय, मुलगी त्याच्यावर खूश, आमच्या मांजराचे जुन्या सिनेमासारखे फोटो काढून झालेत.

दुकानाबद्दल एवढंच, फुकट म्हणून जे मेमरी कार्ड हातात ठेवतात ते घ्या पण वापरू नका. माझ्या त्या फुकट कार्डावर फोर-के व्हिडिओ मध्येच बंद पडायचा आणि बर्स्ट मारला (सटासट ओळीने फोटो काढले) की कॅमेरा कार्डावर लिहीत बसायचा, मी आठवडाभर कॅमेऱ्यालाच शिव्या दिल्या. वेगवान कार्ड आणलं, विषय संपला. बिल जीएसटीचं पक्कं घ्या, वॉरंटी भारतातलीच आहे ना ते बॉक्स उघडायच्या आधी विचारा, आणि घ्यायच्या आधी तिन्ही कॅमेरे लांब लेन्स लावून पाच-पाच मिनिटं डोळ्याला लावून उभे राहा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. माझा आर५० चा मोह त्या पाच मिनिटांतच उतरला होता, आणि नंतर कळलं की माझ्या मैत्रिणीचा उलट निकॉनचा उतरला, तिचे हात लहान आहेत, ती आर५० घेऊन मजेत आहे.