तण जळालं, मेलं नाही: हिरवळीच्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

"पैसे आत्ता देऊच नका ताई. तण जळालेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग द्या." या एका वाक्यावर मी विश्वास ठेवला. खरी मेख त्या वाक्यातच होती, हे कळायला मला जवळजवळ महिना लागला. तुमची हिरवळ तरी वाचावी म्हणून घडलं ते सगळं लिहिते आहे.

उन्हाळा लागला आणि घरामागच्या लॉनमध्ये तण माजलं. कडेकडेने घोळ पसरली होती, पण मुख्य त्रास लव्हाळ्याचा, म्हणजे नागरमोथ्याचा. दिसतो गवतासारखा, पण गवत नव्हे. दांडा बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतात. आज हिरवळ कापली की दोन-तीन दिवसांत त्याची चकचकीत पाती बाकीच्या गवताच्या वर आलेली असतात. उपटला तर पाती हातात येतात आणि गाठी जमिनीतच राहतात. उपटून उपटून मी अगदी टेकीला आले होते, तेव्हाच हा माणूस दारात आला.

पाठीवर पंप, हातात पांढरा कॅन. कॅनवर लेबल नाही. "वनस्पतींचा अर्क आहे, रसायन नाही. तण मुळासकट जाईल." औषधाचं नाव विचारलं तर म्हणाला, आमचं स्वतःचं मिश्रण आहे. फवारणीला त्याने भर दुपार निवडली. नोझलमधून फेस येत होता आणि आंबट वास नाकात शिरत होता. दोन्ही गोष्टी मला जाणवल्या होत्या, तरी मी काही विचारलं नाही. लव्हाळा दाट होता तिथली माती त्याने अक्षरशः चिंब केली. आजूबाजूचं गवत थोडं पिवळं पडेल, पण सावरेल, असंही सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लव्हाळा वाळक्या काडीसारखा झाला होता. मला इतका आनंद झाला की मी फोटो काढले. तिसऱ्या दिवशी तो आला, ठरलेले सगळे पैसे घेतले आणि "मुळाच्या डोसा"साठी आगाऊ रक्कमही घेऊन गेला. त्यानंतर त्याचा फोन कायमचा बंद.

दहाव्या दिवशी जळालेल्या पट्ट्यातून हिरवे कोंब वर आले. खुरप्याने उकरून पाहिलं. काळपट गाठी दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या होत्या. एक गाठ नखाने फोडली तर आतून पांढरी, टणक, ताजी. तिच्याभोवतीचं लॉनचं गवत मात्र पार मेलं होतं आणि माती वाळली की तिच्यावर पांढरी खपली धरत होती.

ती खपली पाहून मी मातीचे दोन नमुने तपासायला दिले, एक फवारलेल्या जागेचा आणि एक न फवारलेल्या कोपऱ्यातला. फवारलेल्या मातीत क्षार कितीतरी जास्त निघाले. आंबट वास, फेस आणि क्षार, तिन्हींचा मेळ घातला की व्हिनेगर, मीठ आणि साबण याच मिश्रणाकडे बोट जातं. घरगुती तणनाशक म्हणून ते अनेकांना माहीत आहे. साबणामुळे द्रव पानाला चिकटतो, आम्लाने पानाच्या पेशी फुटतात आणि उन्हात पान एका दिवसात वाळतं. पण ते आम्ल गाठींपर्यंत पोचत नाही. मीठ मात्र मातीत राहतं आणि हिरवळीच्या मुळांना पाणी घेऊ देत नाही.

म्हणूनच ती "जळाल्यावर पैसे" ही अट. पान तर जळणारच होतं! गाठी जिवंत आहेत हे दिसायला आठ-दहा दिवस लागतात आणि त्याला तोवर थांबायचंच नव्हतं.

मुळापर्यंत जाणारं औषध सावकाश काम करतं. लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल वापरतात. त्याचा परिणाम पूर्ण दिसायला दोन-तीन आठवडे जातात आणि बहुतेकदा पुन्हा फवारावं लागतं. फवारणीच्या दोन दिवस आधी आणि नंतर हिरवळ कापायची नसते, कारण औषध आत जायला पानंच उरत नाहीत. घोळीसारख्या रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी आहे, पण कडक उन्हात ते हिरवळीलाही बाधतं. ग्लायफोसेट तर तण आणि लॉन असा भेदच करत नाही. सगळ्यांवर एकच औषध, तेही दोन दिवसांत आणि हिरवळ सुखरूप, असं कोणी म्हणत असेल तर त्याला फाटकाबाहेरच थांबवा. औषधातल्या घटकाचं नाव विचारा, सीलबंद बाटली आपल्यासमोर फोडायला सांगा, लेबलचा फोटो घ्या. पैशाचा मोठा हिस्सा तीन-चार आठवड्यांनी, नवे कोंब आलेले नाहीत हे बघूनच द्या. मी यातलं एकही केलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्याकडे असा कोणी फवारून गेला असेल आणि मातीवर पांढरी खपली दिसत असेल, तर त्या जागी लगेच नवं बी टाकू नका, खतही घालू नका. पाण्याचा निचरा चांगला असेल तर आधी तिथे सावकाश, भरपूर पाणी मुरू द्या, म्हणजे क्षार मुळांच्या खाली उतरतील. मी तसं तीनदा केलं आहे. खपली आता धरत नाही, पण त्या पट्ट्यात अजून फक्त लव्हाळाच हिरवा आहे.