महात्मा फुले जनआरोग्य योजना: पॅकेज बरं, पण खिडकीवर सावध राहा

राज्य सरकारच्या या मोफत उपचारांच्या योजनेत रुग्णालयाला उपचारामागे ठरलेलं पॅकेज मिळतं. मुक्काम लांबवून बिल फुगवता येत नाही. हीच योजनेची खरी जमेची बाजू. २०१२ साली पहिल्या ८ जिल्ह्यांत नांदेड होतं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पूर्वी मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्याला सातबारा सोबत लागायचा; आता पांढरं रेशनकार्डही योजनेत बसतं.

आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेच्या खिडकीवर बसणाऱ्या मदतनिसाला, गाठा. रेशनकार्डावर ‘ज्ञानोबा’ अन् आधारवर ‘ज्ञानेश्वर’ असलं की गाडी तिथेच अडते, म्हणून नावं घरूनच ताडून निघा. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी मिळते. तपासण्या, औषधं, जेवण, परतीचं भाडं, सुट्टीनंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा, सगळं पॅकेजातच. ‘एवढं बाहेरून आणा’ म्हटलं की पक्की पावती मागायची आणि योजनेचा हेल्पलाइन नंबर १५५३८८ लावायचा.

खोट एकच, पण मोठी: पैसे ऑपरेशनचे अन् मोठ्या उपचारांचे मिळतात, माणूस धडधाकट राहण्याचे नाहीत. ओपीडीतली शुगर-बीपीची गोळी खिशातूनच घ्यायची. तीच शुगर किडनीवर गेली की डायलिसिसला मात्र पॅकेज तयार!