सायंटिफिक कॅल्क्युलेटर: आठ महिने वापरल्यावर

बारावीला लातूरला होतो. तिथं कॅल्क्युलेटर हा शब्दच वर्ज्य. सीईटीला चालत नाही, जेईईला चालत नाही, बोर्डाला लॉग टेबल. त्यामुळं नांदेडला इंजिनिअरिंगला आल्यावर पहिल्याच आठवड्यात सरांनी "सायंटिफिक घेऊन या, प्रोग्रामेबल नको" म्हटलं तेव्हा लॉटरी लागल्यासारखं वाटलं. बाराशेच्या आसपास गेले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं थोडं गाऱ्हाणंही आहे.

आधी ज्यासाठी पैसे वसूल झाले ते सांगतो. बेसिक इलेक्ट्रिकलची गणितं. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १० ओहमचा रेझिस्टन्स आणि ०.१ हेन्रीची कॉइल सिरीजमध्ये; करंट किती? कॉइलचा अडथळा २ × ३.१४१६ × ५० × ०.१, म्हणजे ३१.४१६ ओहम. हातानं करायचं तर कॉन्ज्युगेटनं गुणा, वर्गमूळ काढा, मग टॅन इन्व्हर्स. अर्धं पान जातं. कॉम्प्लेक्स मोडमध्ये ('आय'वाल्या संख्यांसाठीचा) २३० ÷ (१० + ३१.४१६ आय) टाकलं आणि पोलर फॉर्म, म्हणजे आकडा आणि कोन, मागितला की ६.९७६ अँपिअर, कोन उणे ७२.३४ अंश. तीन लूपच्या सर्किटमधले करंट काढायच्या किरचॉफच्या गणितात समीकरणं मांडायची आपणच, सोडवायचं काम मशीनचं. मात्र आमच्याकडं स्टेप्सना मार्क आहेत. नुसतं उत्तर लिहिलेली पहिली असाइनमेंट लाल शेऱ्यासकट परत आली. तेव्हापासून आधी हातानं करतो आणि मशीनवर फक्त ताळा घेतो.

आता फजितीचं. मेकॅनिक्सचं अगदी सोपं गणित: ३० अंशाच्या उतारावर ५० किलोचा ठोकळा, उताराच्या दिशेनं वजन किती? ५० गुणिले ९.८१ (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) म्हणजे ४९०.५, गुणिले साइन ३०, म्हणजे २४५.२५ न्यूटन. माझं आलं उणे ४८४.६. ठोकळा आपणहून उतार चढायला निघाला! आदल्या रात्री मॅथ्सच्या लिमिटसाठी रेडियन मोड (कोन अंशांऐवजी रेडियन या दुसऱ्या एककात धरणारा) लावला होता, तो तसाच राहिलेला. स्क्रीनच्या वर बारीक 'आर' दिसतो, पण बघतो कोण? जो बारावीत साइन ३० झोपेत अर्धा सांगायचा, तो हे उत्तर वहीत उतरवून मोकळा झाला. चार महिन्यांत डोकं एवढं गंजलं होतं.

त्याहून मोठी फजिती घरी झाली. दिवाळीला लोह्याकडं गावी गेलो होतो. अण्णा म्हणाले, "एवढं शिकलास, तर सांग बरं, आपली मोटार तासाला किती पाणी उपसती?" मोटार पाच एचपीची. एक एचपी ७४६ वॅट, म्हणजे ३७३०. एफिशियन्सी निम्मी धरली, १८६५. पाणी चढतं साधारण ३० मीटर. ही पॉवर भागिले पाण्याची घनता १०००, गुरुत्वाकर्षण ९.८१ आणि उंची ३० यांचा गुणाकार, असं सूत्र. टाकलं: १८६५ ÷ १००० × ९.८१ × ३०. उत्तर ५४८.८७. सेकंदाला ५४८ घनमीटर! मी ते मोठ्यानं वाचलंसुद्धा. घनमीटर म्हणजे हजार लिटर, हे कळल्यावर अण्णा म्हणाले, "मग इहीर कशाला म्हणतूस, गोदावरी म्हण की."

कंस राहिला होता. मशीन डावीकडून उजवीकडं जातं; फक्त हजारानं भागलं आणि बाकीच्यानं गुणलं. छेद कंसात घातल्यावर ०.००६३४ आलं, म्हणजे सेकंदाला सव्वासहा लिटरच्या थोडं वर, तासाला बावीस-तेवीस हजार लिटर. अण्णांचा विश्वास उडालेलाच होता. त्यांनी दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवला आणि मला मोबाईल धरायला लावला. ३४ सेकंदांत भरला. हिशेबानं ३२ च्या आत भरायला हवा होता. निम्म्या अंदाजावर केलेल्या गणिताला एवढा फरक मला तरी चालतो.

कंसाचंच आणखी एक. १ ÷ २पाय (पाय म्हणजे ३.१४), मध्ये गुणाकाराचं चिन्ह न देता टाकलं तर माझ्या मशीनवर ०.१५९ येतं. रूममेटच्या मोबाईलवर १.५७ आलं. यावरून रात्री बारापर्यंत भांडलो. माझं मशीन २पाय एकत्र धरून भागतं, त्याचा मोबाईल आधी दोननं भागून मग पायनं गुणतो; दोघंही आपापल्या नियमानं बरोबर होते. आता छेदात दोन गोष्टी असल्या की डोळे झाकून कंस घालतो.

आणि बटण दाबायच्या आधी वहीच्या कडेला पेन्सिलीनं अंदाज लिहितो. ९.८१ चे दहा, ३.१४ चे तीन, ७४६ चे साडेसातशे. लातूरला पर्याय उडवायला हेच करायचो. तेव्हा नाइलाज होता, इथं त्यानंच वाचवलं. स्क्रीनवर दहा आकडे दिसले की आपण दबतो, पण त्यातले तीनच कामाचे. १० ओहमचा रेझिस्टन्स तरी कुठं अगदी दहाचा असतो?

मशीनबद्दल: सोलर पट्टी आहे, आत बटण-सेलही आहे, अजून बदलावा लागला नाही. लाइट गेल्यावर स्क्रीनला स्वतःचा उजेड नसतो, मोबाईलचा टॉर्च धरावा लागतो. मागं सरकवायचं कव्हर मजबूत आहे, बॅगेत डब्याखाली दबूनही काही झालं नाही. गाऱ्हाणं एकच: पाचव्या महिन्यात 'बरोबर'चं बटण अडकायला लागलं, कधी दोनदा दाबावं लागतं. दुकानदार म्हणाला बिल आणा. बिल मी ज्या वहीत ठेवलं होतं ती वही सेमिस्टर संपल्यावर रद्दीत गेली.